पलीकडे न पोचलेला पूल

पूल आखूड निघाला ही बातमी सगळ्यांत आधी संदर्भरावांच्या कानावर आली, आणि ती ऐकल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे उठून खोलीचं दार लावून घेतलं.

फोनवर नदीकाठचा बांधकाम अभियंता होता. हा माणूस वाईट बातमीसुद्धा वाढदिवसाच्या शुभेच्छा द्याव्यात तशी देत असे.

‘साहेब, अभिनंदन! पूल पोचला. सगळा माल उतरवून घेतला, जमिनीवर मांडून पाहिला. झकास लोखंड आहे. फक्त पलीकडे पोचत नाही.’

‘पोचत नाही म्हणजे?’

‘म्हणजे अलीकडून व्यवस्थित निघतो, साहेब. पलीकडे जायच्या जरा आधी संपतो.’

‘जरा म्हणजे किती?’

‘माझ्या घरची बैठकीची खोली तुम्ही पाहिलीय का?’

संदर्भरावांनी पाहिली नव्हती, पण ती फार लहान असावी अशी त्यांनी मनोमन प्रार्थना केली.

संदर्भराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त बँकेला आणि त्यांच्या सासूबाईंना माहीत होतं. कोणतीही गोष्ट संदर्भ दिल्याशिवाय बोलायची नाही ही त्यांची सवय. घरी चहा मागतानासुद्धा ‘काल सकाळी आपलं जे बोलणं झालं होतं त्याला अनुसरून’ अशी सुरुवात व्हायची, तेव्हा कचेरीने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. परदेशी साहाय्य विभागात ते नुकतेच बदलून आले होते. बदली झाली त्या दिवशी इमारतीतल्या लोकांनी जिन्यात थांबवून त्यांचं अभिनंदन केलं होतं. परदेशी साहाय्य म्हणजे परदेशाने या गृहस्थांना व्यक्तिशः करायचं साहाय्य, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत होती. सोसायटीच्या चेअरमननी तर दुसऱ्याच दिवशी प्रस्ताव मांडला, ‘साहेब, एखाद्या बऱ्यापैकी श्रीमंत देशाला सांगून आपल्या लिफ्टचं बघा ना. छोटा देशही चालेल. आपली काही अपेक्षा नाही.’

प्रत्यक्षात त्या विभागातलं आयुष्य लग्नघरातल्या मुलीकडच्या माणसासारखं होतं. देणारे देश अनेक. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, प्रत्येकाचा मान वेगळा, आणि दुसऱ्याने काय दिलं यावर प्रत्येकाचा डोळा. एकाच शाळेला तीन देशांना रंग द्यायचा असे. त्याच शाळेचा संडास बांधायचा म्हटलं की तिन्ही देशांना एकदम विमान गाठायची घाई होई, कारण संडासावर आपला झेंडा कोण लावणार?

आणि या सगळ्यांना हसतमुखाने सांभाळून, ज्याला जे द्यायचंय ते नाही तर आपल्याला जे हवंय तेच त्याच्याकडून घेणाऱ्या म्हणजे विभागाच्या संचालकबाई. ठेंगण्याशा, आवाज इतका हळू की समोरचा माणूस आपोआप पुढे वाकायचा, आणि वाकलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं हे बाईंना बरोबर ठाऊक होतं. एका देशाने जहाजभर जुने लोकरी कोट पाठवायचे ठरवले होते. बाईंनी त्या देशाच्या प्रतिनिधीला भर दुपारी स्वतःबरोबर बाजारातून पायी फिरवलं. परत येईपर्यंत त्या भल्या माणसाने स्वतःच्या अंगातला कोट, टाय आणि तो प्रस्ताव असं तिन्ही काढून ठेवलं होतं. त्याच जहाजातून मग क्षयाची औषधं आली. तीन देशांना त्यांनी एका टेबलाशी बसवलं आणि उठेपर्यंत एकाकडून रंग, एकाकडून बाकं आणि एकाकडून चक्क संडास कबूल करून घेतला. झेंड्याचा प्रश्न त्यांनी ‘आपण पाण्याच्या टाकीवर लावू, लांबूनही दिसेल,’ म्हणून सोडवला.

अशा बाईंपुढे जाऊन पूल आखूड आहे असं सांगायचं होतं. संदर्भराव दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि पाणी पिऊन परत आले. तिसऱ्या वेळी दार बाईंनीच उघडलं.

‘या. पुलाचं ना? किती कमी पडतोय?’

‘आपल्याला कसं कळलं?’

‘तुम्ही एरवी पाणी पीत नाही.’

‘मॅडम, दिनांक—’

‘संदर्भ राहू दे. किती?’

‘एक बैठकीची खोली,’ संदर्भराव म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. मोजमाप चूक नव्हतं. देणाऱ्या देशाचे लोक मोजायला आले तेव्हा नदी होती तेवढीच होती. गेल्या पावसाळ्यात पुराने पलीकडचा काठ खाल्ला आणि नदी रुंद झाली. तोवर तिकडे कारखान्यात पूल कापून, रंगवून, पेटीत घालून झाला होता. नदीने कुणाची मंजुरी घेतली नव्हती.

बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. ‘पलीकडे दवाखाना आहे,’ त्या म्हणाल्या. ‘अलीकडे सगळी वस्ती. नदी फुगली की नर्सबाई तिकडे आणि आजारी माणसं इकडे. गेल्या वर्षी एक बाळंतीण काठावर रात्रभर बसून होती. या वर्षी नदी फुगायच्या आत पूल उभा राहिला पाहिजे.’

‘पण पुढच्या महिन्यात त्यांचे मंत्री उद्घाटनाला येतायत, मॅडम. पत्रिका गेल्यात.’

‘मग तर फारच छान,’ बाई म्हणाल्या. यात छान काय हे संदर्भरावांना बराच वेळ कळलं नाही.

पूल आखूड आहे ही गोष्ट अत्यंत गोपनीय असल्यामुळे संध्याकाळपर्यंत ती इमारतीत सगळ्यांना कळली. संदर्भरावांनी ती फक्त बायकोला सांगितली होती, आणि बायकोने फक्त गच्चीवर.

चेअरमन जेवणाआधीच आले. ‘साहेब, सोपं आहे. उद्घाटन अलीकडून करायचं. पाहुण्यांनी फीत कापायची, चार पावलं जायचं, टाळ्या, आणि परत फिरवून चहाला न्यायचं. पुलाच्या टोकाला बघायला जातो कोण?’

‘मी गेलो असतो,’ तळमजल्यावरचे निवृत्त शिक्षक म्हणाले. ‘पूल ताणता नाही का येणार? उन्हात लोखंड वाढतं. मी मुलांना चाळीस वर्षं शिकवलंय.’

‘बैठकीच्या खोलीएवढं वाढतं का?’

‘ऊन किती आहे त्यावर,’ शिक्षक म्हणाले.

‘यांचं सगळं असंच,’ बायको आतून म्हणाली. ‘आमच्या पडद्यांचं कापडही हेच आणायला गेले होते. अजून खाली वीतभर उजेड येतो.’

पडद्यांचा आणि पुलाचा काही संबंध नाही, एक वैयक्तिक बाब असून दुसरी आंतरराष्ट्रीय आहे, असं संदर्भरावांनी ठणकावून सांगितलं. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली आणि त्यांनी पडदा हळूच खाली ओढून पाहिला.

कचेरीतल्या बैठकीत तज्ज्ञ होते, त्यामुळे तिथले सल्ले याहून भयंकर निघाले. प्रसिद्धी अधिकाऱ्याचं म्हणणं, पूल उचलून जवळच्या कालव्यावर टाकावा. ‘तिथे तो दोन्ही बाजूंनी पुरून उरेल. फोटोत पाणी ते पाणी.’ बांधकाम खात्याचं म्हणणं, कमी पडलेला तुकडा आम्ही बांधू, पण पूल परदेशी असल्याने त्याला हात लावायला परदेशी परवानगी लागेल. हिशेब खात्याचं म्हणणं, भेटीच्या पैशातून आपला तुकडा करता येत नाही आणि आपल्या पैशातून भेटीला तुकडा जोडता येत नाही. म्हणजे पूल पूर्ण करायला कुणाचीच हरकत नव्हती, फक्त तो कुणालाच करता येत नव्हता.

बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. कालव्याच्या सूचनेला त्या एवढंच म्हणाल्या, ‘कालव्यापलीकडे दवाखाना असता तर मी लगेच हो म्हटलं असतं.’ प्रसिद्धी अधिकाऱ्याने कागद दुमडून खिशात घातला.

‘पाहुण्यांना कळवा,’ त्या पुढे म्हणाल्या, ‘पूल कमी पडतोय. उद्घाटनाला नको, कामाला या. येताना त्यांच्या अभियंत्याला आणा. आणि संदर्भराव, तोवर नटबोल्टांची पेटी सोडवून आणा. ती अजून गोदीत अडकलीय.’

ही पेटी का अडकली होती ते ऐकून संदर्भरावांना पहिल्यांदा वाटलं की आपण लवकर निवृत्त व्हावं. कागदावर कुणीतरी नुसतं ‘ब्रिजचे सुटे भाग’ एवढंच लिहिलं होतं. पाठवणारा देश मदत देणारा, स्वीकारणारा जिल्हा आरोग्य विभाग, कारण दवाखान्यासाठीच पूल होता. तेव्हा कस्टमच्या कारकुनाने सरळ हिशेब केला आणि पेटीची नोंद पडलेल्या दाताच्या जागी बसवतात त्या ब्रिजमध्ये केली. वैद्यकीय माल!

‘अहो, पेटी क्रेनने उचलावी लागली तुम्हाला,’ संदर्भराव काकुळतीला येऊन म्हणाले. ‘एवढे दात कुणाचे असतील?’

‘तो आमचा विषय नाही, साहेब. वैद्यकीय मालाला डॉक्टरचा दाखला लागतो. हे दातांचं नाही असं तुमचं म्हणणं असेल तर तसा दंतवैद्याचा दाखला आणा.’

संदर्भरावांनी त्याचा चेहरा निरखून पाहिला. तो गंमत करत नव्हता. तेव्हा ते आपल्या नेहमीच्या दंतवैद्याकडे गेले. तिथे रांग होती, आणि रांगेत बसल्यावर दंतवैद्याने त्यांना खुर्चीत घेतल्याशिवाय सोडलं नाही. दुखरी दाढ निघाली. सुजलेला गाल घेऊन ते दंतवैद्याला घेऊन गोदीत आले. दंतवैद्य मोठा सज्जन माणूस. त्याने पेटीतला मनगटाएवढा बोल्ट हातात घेतला, उजेडात धरून सर्व बाजूंनी तपासला आणि लिहून दिलं: ‘ही वस्तू कोणत्याही मानवी तोंडात बसणार नाही असे मी प्रमाणित करतो.’ खाली सही, शिक्का. पेटी तासाभरात सुटली.

गाल उतरायच्या आत पाहुणे आले. हे मंत्री भलतेच उंच होते. मोटारीतून बाहेर येताना ते हप्त्याहप्त्याने येत आहेत असं वाटे. बरोबर त्यांचा चष्मेवाला अभियंता. बाईंनी त्यांना सभागृहात नेलं नाही, विश्रामगृहात नेलं नाही, सरळ नदीवर नेलं. संदर्भरावांनी या प्रसंगासाठी नवा सूट शिवला होता आणि बायकोने आग्रहाने घेतलेले नवे बूट घातले होते. बूट इतके गुळगुळीत होते की कचेरीच्या फरशीवरही ते चालत नव्हते, घरंगळत होते.

काठावर पूल पेट्यांसकट मांडून ठेवलेला. चष्मेवाल्याने पलीकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग तो आपल्या भाषेत काहीतरी एकच शब्द बोलला. दुभाष्याने त्याचा अनुवाद केला नाही, पण कुणाला गरजही पडली नाही.

पलीकडे जायला पिंपांवर फळ्या बांधून केलेला एक तराफा होता. दोरखंड दोन्ही काठांना बांधलेला. तो हाताने ओढत ओढत तराफा न्यायचा.

‘आपण दवाखाना पाहून येऊ,’ बाई मंत्र्यांना म्हणाल्या आणि पदर खोचून तराफ्यावर जाऊन उभ्याही राहिल्या. मंत्री चढले. त्यांच्या वजनाने एक बाजू दबली, म्हणून तोल राखायला संदर्भरावांना दुसऱ्या बाजूला उभं करण्यात आलं. राष्ट्राचा समतोल राखायची संधी त्यांना सेवेत प्रथमच मिळत होती.

नदीच्या मध्यावर समोरून हाका आल्या. पलीकडच्या काठावर नर्सबाई उभ्या होत्या. पांढरा पोशाख, गुडघ्यापर्यंत चिखल. शेजारी बाजेवर एक म्हातारी, पाय फळीला बांधलेला. ‘लवकर आणा तराफा! मोडलाय पाय, शहरात न्यायचंय! सकाळपासून थांबलोय आम्ही. कुणीतरी बडे लोक येणार म्हणून तराफा तिकडेच अडकवून ठेवला मेल्यांनी!’

बडे लोक म्हणजे आपण, हे संदर्भरावांच्या लक्षात आलं. त्यांना इतकी लाज वाटली की दोरखंड ओढायला ते एकदम पुढे झाले. बूट पुढे झाले नाहीत. पुढच्या क्षणी राष्ट्राचा समतोल गेला, संदर्भराव नदीत, आणि तराफा गरकन फिरला.

पाण्यात एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने कसं वागावं याबद्दल नियमावलीत काही नाही. संदर्भरावांनी एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्याने, का कोण जाणे, टाय सावरला. मग वरून एक लांबच लांब हात आला. मंत्र्यांनी पोटावर आडवं होऊन त्यांची कॉलर पकडली होती. तिकडे बाईंनी दोर ओढला, चक्क बाईंनी, आणि अर्धे बुडालेले, अर्धे लोंबकळणारे संदर्भराव पलीकडच्या काठाला लागले. सूट आटून आखूड होणार हे त्यांना तेव्हाच कळलं.

‘चला, सरका आता,’ नर्सबाई म्हणाल्या. त्यांना कोण कुठला मंत्री याचं काहीही नव्हतं. ‘तुम्ही उंच आहात ना? ती बाज धरा डोक्याकडून. आणि हे ओले, तुम्ही पायाकडून. हळू!’

दुभाषी अलीकडच्या काठावरच राहिला होता, पण मंत्र्यांना सगळं समजलं. त्यांनी बाज उचलली. तराफा हलू लागला तशी म्हातारी कण्हली आणि तिने जवळचा हात घट्ट धरला. तो मंत्र्यांचा होता. अलीकडच्या काठाला लागेपर्यंत तिने तो सोडला नाही, आणि त्यांनीही काढून घेतला नाही.

म्हातारीची गाडी गेल्यावर मंत्री काठावरच्या एका पेटीवर बसले. त्यांच्या पॅंटचे पाय चिखलाने भरले होते. दुभाष्याच्या तोंडून ते म्हणाले, ‘माफ करा. आम्ही हा पूल परत नेतो. नवा, मोठा, याहून सुंदर पूल देतो. दोन वर्षांत.’

चेअरमन असते तर इथे टाळ्या वाजल्या असत्या. बाई मात्र थोड्या पुढे झाल्या आणि त्यांच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘नको.’

मंत्री वाकले.

‘दोन वर्षांत दोन पावसाळे येतात. हाच पूल चांगला आहे. पलीकडून दगडी ओटा बांधून आम्ही तो पुढे आणतो, तुमच्या पुलाला भेटायला. मला तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. पुलाला आमचा तुकडा जोडायची परवानगी आज, इथेच. आणि हे चष्मेवाले काम संपेपर्यंत आमच्याकडे.’

‘एवढंच?’

‘आणि उद्घाटनाच्या समारंभाला जे सिमेंट घालून व्यासपीठ होणार होतं, ते सिमेंट.’

मंत्री आधी हसले, मग गंभीर झाले, मग उठून त्यांनी चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या बिचाऱ्याची परतीची पेटी मोटारीतच होती. ती त्याच वेळी उतरवून घेण्यात आली.

त्यानंतरचे दिवस संदर्भरावांना पुढे आयुष्यभर आठवत राहिले. बाईंनी हिशेब खातं आणि बांधकाम खातं यांना एकाच मोटारीत घालून नदीवर नेलं आणि तराफ्याने पलीकडे नेऊन आणलं. परत येताच दोन्ही खात्यांना नियमात जागा सापडली: ओटा हा पुलाचा तुकडा नसून काठाची दुरुस्ती आहे, आणि काठ आपलाच आहे. संदर्भराव तर नदीकाठच्या शाळेतच राहायला गेले. चष्मेवाल्याला भाषा येत नव्हती आणि संदर्भरावांना पूल येत नव्हता, तरी दोघं सकाळपासून ओट्यावर उभे राहून एकमेकांवर ओरडत. बायको एका रविवारी डबा घेऊन आली. चिखलात उभ्या असलेल्या, उन्हाने काळवंडलेल्या, कसलाही संदर्भ न देता ‘अरे ए, दगड तिकडे!’ म्हणून ओरडणाऱ्या नवऱ्याकडे ती बघतच राहिली.

‘अहो, तुम्हीच ना हे?’

‘अगं, बाजूला हो, क्रेन येतेय,’ ते म्हणाले. तिला राग यायला हवा होता. पण तिने चेअरमनच्या बायकोला फोन करून सांगितलं, ‘आमच्या ह्यांचं काही काम असतं बरं का तिथे. खरंच असतं.’

आभाळ भरून यायला लागलं होतं तेव्हा एका दुपारी लोखंड दगडाला भेटलं. शेवटचा बोल्ट चष्मेवाल्याने आणि संदर्भरावांनी मिळून आवळला. मग दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि बराच वेळ हलवत राहिले.

उद्घाटनाची नवी तारीख मात्र अजून पंधरवड्यावर होती. प्रसिद्धी अधिकाऱ्याने पुलाच्या तोंडाशी आडवा बांबू लावून ‘समारंभापर्यंत बंद’ अशी पाटी लटकवली. संचालकबाई पाहणीला आल्या, त्यांनी पाटी वाचली, आणि स्वतःच्या हाताने बांबू काढून बाजूला उभा केला.

‘मॅडम, पण मंत्र्यांची फीत?’

‘ते येतील तेव्हा फीत बांधू. ती कापायला पूल रिकामा कशाला लागतो?’

त्या पुढे निघाल्या. संदर्भराव त्यांच्या मागून जोडापर्यंत आले आणि वाटेच्या मधोमध थांबले. खाली नदी गढूळ होऊन फुगत चालली होती. तराफा काठावर उलटा टाकलेला. बाई जोडावर वाकून दगड आणि लोखंड जिथे मिळतं ती जागा बोटांनी चाचपून पाहत होत्या. संदर्भरावांना वाटलं, आता या क्षणाला साजेसं काहीतरी बोलावं. बरंच मोठं बोलावं. राष्ट्रं, मैत्री, असं काहीतरी. त्यांनी घसा साफ केला.

तेवढ्यात दवाखान्याकडून भोंगा वाजला. नर्सबाई! स्कूटरवर, मागे लशींचा डबा बांधलेला, पदर वाऱ्यावर. त्या सुसाट येत होत्या, आणि थांबायचा त्यांचा अजिबात विचार दिसत नव्हता. ना त्यांनी संदर्भरावांना ओळखलं, ना संचालकबाईंना.

‘अहो, रस्त्याच्या मधोमध काय उभे राहिलात? लोकांना कामं असतात! व्हा बाजूला!’

संदर्भराव कठड्याला चिकटले. बाईही चिकटल्या. स्कूटर दोघांच्या मधून खडखडत गेली आणि पार पलीकडे पोचली. इतक्या आनंदाने संदर्भराव आयुष्यात कधी कुणाच्या वाटेतून बाजूला झाले नव्हते.